अग्निसुरक्षा संस्थांचे सभासदत्व : प्रकार, लाभ आणि आपण व्यापारी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करपद्धती, बाजार समितीचे नियम अशा विषयांवर जाणकार सभासद लिहीत असतात. यंदा संपादक मंडळाने माझ्यासारख्या केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्याच्या व्यापाऱ्यास चार ओळी लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा मी मुद्दामच थोडा निराळा विषय निवडला. अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था कोणत्या, त्यांत सभासदांचे वर्ग कसे असतात, त्या सभासदत्वाचे लाभ कोणते आणि आपणास त्याचे काय, हा तो विषय होय. प्रथमदर्शनी तो रुक्ष वाटेल. परंतु ज्याची वखार एकदा जळाली आहे त्यास तो रुक्ष वाटत नाही. मी त्या भाग्यहीनांपैकी एक आहे.

सन १९९७ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. त्या वेळी कलबुरगीस गुलबर्गा असेच नाव होते. तुरीचा हंगाम आटोपला होता, वखारीत थप्प्या छताला भिडलेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात रिकाम्या बारदानाचा ढीग होता. दुपारी त्या बारदानातून धूर निघू लागला. वखारीत अग्निशामक नळकांडे होते. ते ज्या विक्रेत्याकडून घेतले होते, त्याच्या कागदावर एका अग्निसुरक्षा संस्थेचा 'सभासद' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. ते वाचूनच मी निश्चिंत झालो होतो. आमच्या जुन्या हमालाने धावत जाऊन नळकांडे उघडले. पांढरा वायू सुटला, ज्वाळा बसल्या आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पाच-सात मिनिटे गेली नाहीत तोच बारदान आतून पुन्हा पेटले आणि आग शेजारच्या थप्पीस लागली. नळकांडे तोवर रिकामे झाले होते. नगराचा बंब येईपर्यंत दोनशेहून अधिक पोती तूर आणि सर्व बारदान गेले. जीवितहानी झाली नाही, ही ईश्वरकृपा. मात्र त्या हमालाने नळकांड्याचे कर्ण्यासारखे तोंड उघड्या हाताने धरले होते, त्याचा तळवा अतिथंडाईने भाजून निघाला. पुढे कित्येक महिने त्यास पोते उचलता आले नाही.

नंतर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेले एक निवृत्त अधिकारी वखार पाहण्यास आले. त्यांनी नळकांडे उचलून पाहिले आणि म्हणाले, "शेठजी, हे कर्बवायूचे आहे. विजेच्या फलकाजवळ किंवा तेलाच्या आगीवर हे उत्तम. तागाच्या गोणीत आग आत धुमसते. हा वायू ज्वाळा विझवतो, पण निखारा थंड करीत नाही. तुम्हांस येथे पाणी हवे होते. हे कोणी दिले?" मी तो छापील कागद दाखविला. त्यांनी विचारले, "सभासद खरा, पण कोणत्या वर्गाचा?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की, तो गृहस्थ त्या संस्थेत केवळ वर्गणी भरून दाखल झालेला होता. त्याची परीक्षा कोणी घेतली नव्हती, तशी अटही त्या वर्गाला नव्हती. संस्थेने काही खोटे केले नव्हते. ज्याचा अर्थ मला कळत नव्हता अशा एका शब्दावर मी विसंबलो, हा दोष माझा. पोत्यावरची छाप वाचून आपण कधी तूर विकत घेत नाही; पोते टोचून नमुना तळहातावर घेतो, दाणा दाताखाली धरतो आणि मग भाव बोलतो. येथे मात्र मी छापेवरच सौदा केला.

सभासदत्वाचे मुख्य प्रकार

आपल्या संघातही साधारण सभासद, आजीव सभासद, आश्रयदाते असे वर्ग असतात. आश्रयदात्याने अधिक देणगी दिलेली असते; याचा अर्थ त्यास तुरीची पारख अधिक आहे असा होत नाही. अग्निसुरक्षेच्या संस्थांतही हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा. त्यांतील सभासदत्वाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार योग्यतेचा. यात परीक्षा, पदवी, अनुभव आणि वरिष्ठांची शिफारस पाहून वर्ग दिला जातो. दुसरा प्रकार वर्गणीचा. यात त्या विषयात रस असलेली कोणीही व्यक्ती, व्यापारी पेढी किंवा कारखाना ठरावीक रक्कम भरून सामील होतो. तिसरा प्रकार विद्यार्थ्यांचा, म्हणजे जे अद्याप शिकत आहेत त्यांचा. याखेरीज काही संस्था थोर कार्य केलेल्यांस मानद सभासदत्व देतात, तो सन्मानाचा भाग झाला.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडात १९१८ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्स ही संस्था. तिच्यात शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे वर्ग आहेत. तळाशी विद्यार्थी. त्याच्या जोडीस 'ॲफिलिएट' म्हणजे सहयोगी. त्यास विषयात रस असला की पुरे, आणि म्हणून नावापुढे संस्थेची अक्षरे लावण्याचा अधिकार त्यास नाही. त्यापुढे तंत्रज्ञ, मग ग्रॅज्युएट, मग मेंबर आणि सर्वांत वर फेलो. तंत्रज्ञाने नावापुढे 'टी. आय. फायर ई.', ग्रॅज्युएटने 'जी. आय. फायर ई.', मेंबरने 'एम. आय. फायर ई.' आणि फेलोने 'एफ. आय. फायर ई.' अशी अक्षरे लिहावयाची असतात. या वरच्या पायऱ्या केवळ पैसे भरून चढता येत नाहीत. त्यांस शिक्षण व अनुभव लागतो, आणि मिळालेले ज्ञान ताजे ठेवण्याचे बंधनही असते. तेव्हा कोणाच्या नावपत्रिकेवर ही अक्षरे दिसली तर आरंभीचे अक्षर कोणते, ते पाहावे. एका अक्षराच्या फरकात कित्येक वर्षांच्या अनुभवाचा फरक असतो.

आपल्या देशातही दिल्ली येथे इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्स इंडिया या नावाची संस्था असून ती परीक्षा घेऊन आपल्या सभासदांस वर्ग देते. दोन्ही संस्थांची नावे सारखी असल्यामुळे घोटाळा होतो. म्हणून समोरचा गृहस्थ कोणत्या संस्थेचा, हेही विचारावे.

दुसऱ्या प्रकारात फायर अँड सिक्युरिटी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था येते. ती २००२ साली स्थापन झाली व तिच्या शाखा देशातील अनेक शहरांत आहेत. उपकरणे बनविणारे, ती बसविणारे, सल्लागार आणि ती वापरणारे अशा सर्वांस एका छत्राखाली आणणे हे तिचे काम. परिसंवाद, प्रशिक्षण, प्रदर्शने हे सभासदांस मिळणारे प्रत्यक्ष लाभ. ज्यास नवी उपकरणे पाहावयाची आहेत, चार ठिकाणचे दर व दर्जा ताडून घ्यावयाचा आहे, त्यास अशा संस्थेचा सहवास उपयुक्तच. परंतु येथे पेढीचे सभासदत्व हे त्या व्यवसायात असल्याची खूण असते. त्या पेढीतील प्रत्येक माणसाच्या ज्ञानाची ती हमी नव्हे.

याच जातीची, पण अधिक व्यापक संस्था म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा परिषद. केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाने ती ४ मार्च १९६६ रोजी स्थापन केली. म्हणूनच ४ मार्चपासून देशभर सुरक्षा सप्ताह पाळतात. कारखाने, कामगार संघटना व व्यक्ती यांस तिच्यात प्रवेश असून तिची कर्नाटकातही शाखा आहे. तिची भित्तिपत्रके व दिनदर्शिका आपल्यापैकी पुष्कळांनी दाल मिलच्या भिंतीवर पाहिल्या असतील. प्रशिक्षण आणि कारखान्याची सुरक्षा-तपासणी हे तिच्या कार्याचे महत्त्वाचे अंग आहे. ज्यांच्या गिरण्या आहेत, चुनी-भुशाची धूळ जेथे सदैव उडते, त्यांनी या परिषदेचा विचार अवश्य करावा. हवेत तरंगणारी डाळीची बारीक धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते, ही गोष्ट गिरणीवाल्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी

अशा संस्था निघाल्या कशा, याचा इतिहास आपणा व्यापाऱ्यांस बोधप्रद आहे. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था १८९६ साली निघाली, ती मुख्यतः विमा कंपन्यांच्या पुढाकाराने. छतातून आपोआप पाणी शिंपडणारे फवारे त्या काळी नुकतेच प्रचारात आले होते; पण बॉस्टन शहराच्या शंभर मैलांच्या परिसरात त्यांच्या नळांची नऊ निरनिराळी मापे चालू होती. एकाचा नळ दुसऱ्यास बसेना. नुकसानभरपाई ज्यांच्या खिशातून जात होती, त्यांनी एकत्र बसून एक नियम ठरविला. आज त्या संस्थेच्या सभासदत्वास व्यवसायाचे वा देशाचे बंधन नाही, आणि तिचे नियमग्रंथ सभासद नसलेल्यासही संगणकावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही आपली मानके अशीच विनामूल्य पाहण्याची सोय केली आहे. तेव्हा केवळ वाचनासाठी वर्गणी भरावयाची असेल तर प्रथम ही फुकट उघडी असलेली दारे ठोठावावीत.

आपल्याकडे या विषयाचे गांभीर्य शिकविले ते मुंबईच्या गोदीने. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीत कापसाने पेट घेतला. त्याच बोटीत दारूगोळाही भरलेला होता. कापसाच्या गाठी आतून धुमसत राहिल्या, वरून ओतलेले पाणी पुरेसे पोहोचले नाही आणि अखेर भीषण स्फोट झाले. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात कामी आले. गोदीतील धान्याचे साठेही भस्मसात झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय निघाले व १९५७ साली ते नागपूरला आले. कापसाची गाठ असो वा तागाची गोणी, आतली धग हाच खरा शत्रू, हा धडा गोदीने १९४४ मध्ये दिला होता. मला तो १९९७ मध्ये पुन्हा विकत घ्यावा लागला.

सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. अशा कोणत्याही संस्थेचे सभासदत्व, मग ते कितीही वरच्या वर्गाचे असो, सरकारी परवानगीची जागा घेत नाही. आपल्या राज्यात अग्निशमन सेवेचा कारभार १९६४ च्या कर्नाटक अग्निशमन दल कायद्यान्वये चालतो; जेथे ना-हरकत दाखला आवश्यक आहे तेथे तो राज्याच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा खात्याकडूनच घ्यावा लागतो.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या वखारी सीमेपलीकडे उदगीर, लातूर, सोलापूर येथे आहेत. त्यांस महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू होतो. त्यान्वये ज्या इमारतींना अशा उपाययोजना बंधनकारक आहेत, त्यांच्या मालकाने जानेवारी व जुलै अशा दोन महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'ब' नमुन्यातील दाखला सादर करावयाचा असतो, आणि तो दाखला शासनाने अनुज्ञप्ती दिलेल्या अभिकरणाचाच लागतो. एखादा विक्रेता कोणत्या संघटनेचा सभासद आहे हे तेथे विचारले जात नाही. अनुज्ञप्ती आहे की नाही हे विचारले जाते. भालकी, औराद किंवा आळंदहून पलीकडे व्यापार करणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. सीमेच्या दोन्ही बाजूंस भाषा आपलीच आहे, कायदा मात्र निराळा आहे.

विम्याचेही तसेच. संस्थेचे सभासद झालो म्हणून विमा कंपनी डोळे मिटून भरपाई देत नाही. उदाहरणार्थ, ओलसर माल आपल्याच उष्णतेने तापून पेटला तर ते नुकसान काही अग्निविम्याच्या पत्रकांत वगळलेले असते; तेथे त्यासाठी जादा हप्ता भरून निराळे कलम घ्यावे लागते. हे कलम आपल्या पत्रकात आहे काय, हे स्मरणिका खाली ठेवताच पाहावे.

मग लाभ कोणता?

इतके सांगितल्यावर कोणी विचारील, तर मग या सभासदत्वाचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे, मात्र तो कागदात नसून संगतीत आहे. जो परीक्षा देऊन सभासद झाला आहे, त्यास नवे ज्ञान सतत मिळत राहते, आणि असा माणूस आपल्या वखारीत आला म्हणजे काय विचारतो ते पाहण्यासारखे असते. माझ्याकडे आलेल्या त्या अधिकाऱ्यांचे पहिले वाक्य नळकांड्याविषयी होते, दुसरे होते, "धान्यात किडीसाठी गोळ्या ठेवता काय?" आपण अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. त्यांवर पाणी पडले की विषारी व ज्वालाग्राही वायू सुटतो. धूरी दिलेल्या वखारीस आग लागली आणि बंबवाल्यांस हे सांगितले नाही, तर विझविण्यास आलेल्यांचाच प्राण जावयाचा. गोण्यांना पाणी हवे आणि गोळ्यांना पाणी वर्ज्य, ही अडचण त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती. नळकांडे विकणाऱ्याने हा प्रश्न कधी केला नव्हता. शिकलेल्याने तो उंबरठ्यावरच केला.

म्हणून वखारीत उपकरणे लावण्यापूर्वी समोरच्या माणसास पुढील गोष्टी विचाराव्यात. आपण कोणत्या संस्थेचे व कोणत्या वर्गाचे सभासद आहात? तो वर्ग परीक्षेने मिळाला की वर्गणीने? सभासदत्व आपले की आपल्या पेढीचे, आणि ते यंदा चालू आहे काय? आपणास शासनाची अनुज्ञप्ती आहे काय? आणि अखेर, माझ्या वखारीत काय जळण्यासारखे आहे ते आपण पाहिले काय? या शेवटच्या प्रश्नास जो वखारीत पाऊल न टाकता उत्तर देतो, त्याची नावपत्रिका कितीही चकचकीत असो, त्यास नम्रपणे चहा पाजून वाटेस लावावे.

आपल्या संघाने काय करावे

माझी संघाच्या कार्यकारी मंडळास तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, प्रत्येक पेढीने स्वतंत्र वर्गणी भरण्याऐवजी संघाने अशा एखाद्या संस्थेचे सभासदत्व घ्यावे आणि तेथून येणारे साहित्य व प्रशिक्षण सर्वांस उपलब्ध करून द्यावे. कलबुरगीचा नेहरू गंज असो वा बीदरचा गांधी गंज, दुकानाला दुकान व वखारीला वखार चिकटलेली आहे. शेजाऱ्याचे अज्ञान हे येथे आपलेच नुकसान होय.

दुसरी, परीक्षेने वर्ग मिळविलेला एक जाणकार संघाने वर्षातून एकदा मानधन देऊन बोलवावा व त्याने सर्व वखारी पाहाव्यात. उपकरणांवर भारतीय मानकाची खूण आहे काय, वखारीतील कोणत्याही जागेपासून पंधरा मीटरांच्या आत अग्निशामक आहे काय, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय, थप्प्यांमधून माणूस जाण्याइतकी वाट आहे काय, विजेच्या तारा उघड्या तर नाहीत, हे त्याने पाहून लिहून द्यावे.

तिसरी विनंती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन केंद्राच्या सहकार्याने गंजात प्रात्यक्षिक व्हावे आणि त्यात मालकांच्या आधी हमाल, मुनीम व राखणदार यांस उभे करावे. खीळ ओढावी, तोंड आगीच्या बुडाशी धरावे, दांडी दाबावी आणि डावी-उजवीकडे फिरवावे, इतके प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. बंब बोलावण्याचा १०१ व सर्व संकटांसाठीचा ११२ हे क्रमांक वखारीच्या दारावर मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत रंगवावेत. आग लागते तेव्हा मालक बहुधा घरी असतो. आगीपुढे प्रथम उभा राहतो तो हमाल.

आमच्या त्या हमालाचा तळवा पुढे बरा झाला, पण बोटे पूर्ववत मिटली नाहीत. तो पुष्कळ वर्षे आमच्याकडेच होता. पोते उचलणे जमेना म्हणून त्यास तोलकाट्यावर बसविले. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्यास नळकांड्यावरील अक्षरे वाचता येत नव्हती. मला येत होती, आणि तरीही मी ती वाचली नव्हती.

वाचकांपैकी एका जरी बंधूने हा लेख वाचून उद्या सकाळी आपल्या वखारीतील नळकांडे खाली उतरवून ते कशाचे आहे हे पाहिले, तर माझे हे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन. लेखनात काही न्यून राहिले असल्यास सुज्ञ सभासदांनी क्षमा करावी, ही विनंती.